जोम, रग आणि उरक : वाचकांच्या शंका आणि आमची उत्तरे

गेल्या अंकातील याच सदरात ‘धडाडीचे व्यक्तिमत्त्व’ या शब्दप्रयोगाविषयी आम्ही चार ओळींची तक्रार केली होती. कोल्हापुरात बिंदू चौकातून महाद्वार रोडपर्यंत चालत गेले तरी वाढदिवसाच्या फलकांवर तीन-चार धडाडीची व्यक्तिमत्त्वे सहज भेटतात, त्यांतील निदान दोघांनी कानाला मोबाइल लावलेला असतो, आणि एवढ्या धडाडीने त्यांनी नेमके काय केले ते मात्र फलकावर कुठेच लिहिलेले नसते, इतकेच आमचे म्हणणे होते. त्यावर अपेक्षेपेक्षा अधिक पत्रे आली. काहींनी आम्हांला खडसावले, पण बहुतेकांनी प्रामाणिक शंका विचारल्या. त्यांतील निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहोत. पत्रलेखकांच्या इच्छेप्रमाणे त्यांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या पेठेतील तालमीच्या स्मरणिकेसाठी मी आमच्या वस्तादांवर लेख लिहिला. संपादक मंडळाने तो परत पाठवला आणि समासात शेरा मारला की, लेखात ‘जोम’ हा शब्द अकरा वेळा आला आहे. जोम, जोश, तडफ, आवेश, रग हे सारे शब्द एकाच अर्थाचे आहेत ना? मग ते आलटून पालटून वापरले तर चालेल काय?
— एक निवृत्त कारकून, शिवाजी पेठ

उत्तर : आलटून पालटून वापरले तर संपादक मंडळाचे समाधान होईल, पण वस्ताद काही लेखात उतरणार नाहीत. हे शब्द एका कुळातले वाटतात, तरी प्रत्येकाचे घर वेगळे आहे, आणि ते घर एकदा पाहून घेतले की कोणता शब्द कोणाला शोभतो हे फारसे विचारावे लागत नाही.

‘जोम’ हा आपल्याकडे मुख्यतः शेतातला शब्द आहे. पहिला पाऊस लागून गेला की शिरोळपासून राधानगरीपर्यंत कोणीही शेतकरी ‘यंदा ऊस जोमात आहे’ असे म्हणतो. त्या जोमाला आवाज नसतो, घाई नसते. तो आतून येतो, ऋतूबरोबर वाढतो आणि त्याला खतपाणी लागते. म्हणून गावाकडून नुकत्याच आलेल्या, सहा महिन्यांत ज्याची मान आणि मांड्या भरल्या आहेत अशा सोळा वर्षांच्या पोराला ‘जोमदार’ म्हणावे, हे त्या शब्दाला धरून होते. आपल्या वस्तादांचे वय आपण सत्तरीपुढचे लिहिले आहे. त्यांच्या अंगात जोम आहे असे अकरा वेळा लिहिण्यापेक्षा त्यांच्या हाताखालची पोरे जोमात आहेत असे एकदा लिहिले असते, तर वाचकाला दोन्ही गोष्टी कळल्या असत्या.

‘जोश’ फारसीतून आला. तेथे त्याचा मूळ अर्थ उकळणे, उकळी असा आहे, आणि मराठीत इतकी वर्षे काढूनही त्याने तो गुण सोडलेला नाही. करवीर तालुक्यातील एखाद्या गुऱ्हाळावर हिवाळ्यात रात्री उभे राहिले म्हणजे हा अर्थ डोळ्यांना दिसतो. काहिलीतला, म्हणजे मोठ्या कढईतला, रस उसळ्या मारत काठापर्यंत येतो, मळी वर धरते, जाळ घालणारा खाली चुलवाणात चिपाड सारत असतो, आणि गूळ तयार करणारा गुळव्या मात्र एक शब्दही न बोलता काहिलीकडे पाहत राहतो, कारण ती नेमकी केव्हा उतरवायची हे त्याच्यावाचून कोणाला ठरवता येत नाही. जोश हा रसात असतो. गुळव्यात असते ती जाण. आपल्या वर्तमानपत्री मराठीत गुळव्याला जोशपूर्ण म्हणण्याची पद्धत पडली आहे, ती मला चुकीची वाटते. जोश सभेला असावा, मिरवणुकीला असावा, खासबागेच्या कुस्ती मैदानात भोवताली बसलेल्या लोकांना असावा. तो चढतो आणि उतरतो. ज्याचे आयुष्यभराचे वर्णन करायचे त्याला तो पुरत नाही.

‘आवेश’ संस्कृतातला, आणि त्यात ‘आत शिरणे’ हा अर्थ आहे. बाहेरचे काहीतरी माणसात शिरते आणि त्याच्याकडून करवून घेते. अंगात येणे ही आपली जुनी कल्पना या शब्दाच्या पोटात आहे. चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर गुलालाने माखलेली सासनकाठी नाचवणारा तरुण ‘चांगभलं’च्या गजरात आवेशाने नाचतो असे आपण लिहितो, आणि ते बरोबर आहे. पण त्याच वेळी काठीच्या दोऱ्या ताणून धरणारे आणि तिचा तोल सांभाळणारे जे असतात त्यांच्याविषयी आवेश हा शब्द वापरला, तर काठी पडेल. एकाच मिरवणुकीत दोन प्रकारचे बळ असते, आणि चांगला लेखक दोन्हींसाठी एक शब्द वापरत नाही.

आता तालमीच्या खास शब्दांकडे वळतो, कारण आपला लेख तालमीवरचा आहे आणि तिचे शब्द मात्र त्यात आलेलेच नाहीत. ‘रग’ हा त्यांतला पहिला. रग म्हणजे साठलेले, वाट शोधणारे बळ. त्यात थोडा माजही असतो. ‘पोरात रग आहे’ ही वस्तादाची शाबासकी असते आणि ‘याची रग जिरवायला पाहिजे’ हेही तोच वस्ताद त्याच पोराविषयी, बहुधा त्याच आठवड्यात, म्हणतो. ‘खुमखुमी’ तिच्या शेजारची, पण हलकी. रग अंगभर असते, खुमखुमी खाजेसारखी एका जागी. ‘ईर्षा’ हा शब्द तर आपण कोल्हापूरकरांनी जवळजवळ पालटूनच टाकला आहे. संस्कृतात ईर्ष्या म्हणजे मत्सर. आपल्याकडे ‘पोरगं ईर्षेनं खेळलं’ असे म्हणताना मत्सराचा लवलेश नसतो. समोरचा तुल्यबळ आहे हे मान्य करून त्याच्यापेक्षा एक पाऊल पुढे टाकण्याची जिद्द त्यात असते. पुण्या-मुंबईच्या वाचकासाठी लिहिताना हा फरक एका वाक्यात सांगून टाकावा, नाहीतर आपला पैलवान त्याला मत्सरी वाटायचा.

आणि ‘दम’. तालमीत जोर-बैठकांच्या आकड्यांपेक्षा दमाची किंमत अधिक, हे आपल्याला मी सांगायला नको. फारसी ‘दम’ म्हणजे श्वास. त्यावरून दम लागणे, दम खाणे, दम धरणे, दम देणे असा मोठा संसार मराठीने उभा केला. योगायोग असा की संस्कृतातही ‘दम’ आहे, आणि शम-दम या जोडीतला तो दम म्हणजे स्वतःला आवरणे. दोन भाषांतले दोन वेगळे शब्द मराठीत एकाच रूपात भेटले, आणि पैलवानाच्या बाबतीत ते दोन्ही अर्थांनी खरे ठरतात. खाशाबा जाधवांचे उदाहरण घ्या. गोळेश्वरचा हा मुलगा, आपल्या राजाराम कॉलेजचा विद्यार्थी, १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये सहावा आला आणि १९५२ साली हेलसिंकीत त्याने बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताला मिळालेले ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक होते. त्यांना ‘पॉकेट डायनॅमो’ म्हणत. लहान चणीच्या माणसातील वेग त्या यंत्राच्या उपमेत नेमका पकडला आहे, याबद्दल वाद नाही. तरी मला त्यांच्याविषयीच्या लेखनात वारंवार येणारी दुसरी हकीकत अधिक मोलाची वाटते. एक लांबलेली, थकवणारी कुस्ती संपल्यावर पुरेशी विश्रांती न मिळता त्यांना लगेच पुढच्या कुस्तीला उभे राहावे लागले, अशी ती हकीकत आहे. डायनॅमोला थकवा माहीत नसतो. थकलेला माणूस पुन्हा मातीत, किंवा मॅटवर, उतरतो तेव्हाच त्याच्या दमाविषयी काही लिहिण्यासारखे असते.

शेवटी एक गोष्ट आपल्या लेखातील दुसऱ्या परिच्छेदाविषयी. वस्ताद ‘एका जागी स्थिर बसलेले असले तरी त्यांच्यात जोम होता’, असे आपण लिहिले आहे. त्यातले ‘तरी’ काढून टाकावे. बळ म्हणजे हालचाल, असे आपण धरून चालतो. जुन्या मराठीने तसे कधी धरले नव्हते. समर्थ रामदासांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या पत्रात शिवाजी महाराजांना पहिलेच विशेषण लावले आहे ते ‘निश्चयाचा महामेरू’. ज्यांचे अर्धे आयुष्य घोड्याच्या पाठीवर गेले त्या पुरुषाला डोंगराची, म्हणजे न हलणाऱ्या वस्तूची, उपमा द्यावीशी वाटली, यावर थोडा विचार करावा. आपले वस्ताद पहाटे सर्वांच्या आधी तालमीत येतात, हौद्यातली माती स्वतःच्या हाताने उकरून घेतात, तिच्यात हळद, तेल, ताक किती पडले हे वासावरून सांगतात, आणि नंतर दोन तास भिंतीला टेकून बसून फक्त पाहतात, ही माहिती आपल्याच लेखाच्या शेवटच्या पानावर कोपऱ्यात पडलेली आहे. ती पहिल्या पानावर आणावी. मग ‘जोम’ अकरा वेळा राहो की एकदाही न राहो.

प्रश्न : मी मराठी विषय घेऊन एम. ए. करीत आहे. माणसाच्या उत्साहाचे वर्णन ही आधुनिक चरित्रलेखनाने आणलेली गोष्ट आहे, असे एका चर्चेत ऐकले. हे खरे आहे का?
— एक विद्यार्थिनी, शिवाजी विद्यापीठ परिसर

उत्तर : खरे नाही. नाट्यशास्त्रात भरताने वीररसाचा स्थायिभाव, म्हणजे त्या रसाच्या मुळाशी असलेली भावना, म्हणून ‘उत्साह’ सांगितला आहे, आणि तेथे राग किंवा बळ हे शब्द न वापरता उत्साह निवडला, यातच बरेच काही आहे. राग हा रौद्राचा स्थायिभाव. म्हणजे दात-ओठ खाऊन धावणारा आणि उमेदीने धावणारा, हे दोघे बाहेरून सारखे दिसले तरी शास्त्रकाराने त्यांना वेगळ्या पंक्तीला बसवले. शिवाय वीर हा केवळ रणातला नसून दानवीर आणि धर्मवीरही असतो, असे त्याच परंपरेने मानले, आणि पुढच्यांनी त्यात दयावीराची भर घातली. देता देता न थकणारा माणूसही उत्साहाचाच नमुना ठरतो, ही कल्पना आपल्या आजच्या गौरवलेखांत आली तर फार बरे होईल. कौटिल्यानेही राजाच्या तीन शक्ती सांगताना मंत्रशक्ती (मसलतीचे बळ) आणि प्रभुशक्ती (खजिना व सैन्य यांचे बळ) यांच्या जोडीला उत्साहशक्ती ठेवली आहे, आणि मसलतीच्या बळाला त्याने उत्साहाच्या वरचे स्थान दिले आहे. आपल्या चर्चेतील वक्त्यांना हा शेवटचा मुद्दा कदाचित आवडेल.

‘ऊर्जा’ या शब्दाची कथा मात्र वेगळी आहे. ऊर्ज् म्हणजे बळ, पोषण, रस. हा अर्थ फार जुना. पण आज ‘ऊर्जावान नेतृत्व’ म्हणताना आपल्या मनात येते ते शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातली ऊर्जा, म्हणजे मोजता येणारी, साठवता येणारी, एकीकडून दुसरीकडे देता येणारी वस्तू. ‘त्यांच्याकडून ऊर्जा मिळते’ हे वाक्य त्यातूनच निघाले. ते वाईट नाही, पण जपून वापरावे, कारण त्यात माणूस हळूहळू बॅटरीसारखा होऊ लागतो.

प्रश्न : माझ्या मुलाला शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत राजर्षी शाहू महाराजांवर बोलायचे आहे. ‘धडाडीचा राजा’ असा मथळा घ्यावा असे शिक्षकांनी सुचवले. आपला विरोध वाचून मुलगा गोंधळला आहे. काय करावे?
— एक पालक, कसबा बावडा

उत्तर : मथळा खुशाल ठेवावा, शाहू महाराजांच्या बाबतीत तो शब्द उसना वाटणार नाही. ‘धडाडी’त मोठ्याने कोसळणाऱ्या वस्तूचा आवाज आहे, आणि जुने पाडल्याशिवाय तो आवाज येत नाही. आमचा विरोध आहे तो नुसत्या आवाजाला. म्हणून मुलाने मथळा वाचून झाल्यावर ‘धडाडी’ हा शब्द भाषणात पुन्हा उच्चारू नये. त्याऐवजी १८९४ साली राज्याधिकार हाती आले तेव्हा महाराज वीस वर्षांचेही नव्हते, १९०२ च्या जुलैत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा जाहीरनामा निघाला, १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत झाले, आणि १९२२ च्या मे महिन्यात वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी महाराज गेले, हे शांतपणे सांगावे. भोगावतीवरचे राधानगरीचे धरण त्यांच्या हयातीत पुरे झाले नाही, हेही सांगावे. आपल्या आयुष्यात पुरे होणार नाही असे काम हाती घेणे हा धडाडीचा वेगळाच प्रकार आहे.

आणि वेळ उरला तर गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलाची हकीकत सांगावी. ज्यांना अस्पृश्य मानत त्या समाजातील या माणसाला महाराजांनी गावात चहाचे हॉटेल काढायला लावले आणि स्वतः तेथे थांबून लोकांच्या देखत चहा घेतला. त्या प्रसंगात तलवार नाही, घोडदौड नाही, आवाजही नाही. परीक्षक जाणते असतील तर गुण येथे पडतील.

प्रश्न : कोणत्याही कर्तबगार बाईविषयी लिहिताना ‘मर्दानी’, ‘पुरुषांच्या तोडीस तोड’, ‘रणरागिणी’ असे शब्द येतात. मी पस्तीस वर्षे शिक्षिका होते आणि माझ्या निरोप समारंभातही मला हेच ऐकावे लागले. मराठीत बाईच्या बळासाठी तिचा स्वतःचा शब्द नाही काय?
— एक निवृत्त शिक्षिका, गडहिंग्लज

उत्तर : आहे, आणि एक नव्हे, पुष्कळ आहेत, फक्त ते व्यासपीठावर चढत नाहीत. खमकी, करारी, ठसक्याची, खंबीर, धिराची हे शब्द घराघरांत वापरले जातात. पण आम्हांला सर्वांत आवडतो तो ‘उरक’. ‘तिच्या हाताला उरक आहे’ या वाक्याइतके नेमके वर्णन मराठीतील फार थोड्या विशेषणांना साधले असेल. काम सुरू करण्याचे बळ धडाडीत आहे, काम करत राहण्याचे बळ दमात आहे. काम संपवण्याचे बळ मात्र उरकात आहे, आणि ते नसेल तर पहिली दोन्ही वाया जातात. हा शब्द आजवर भाकरी, धुणे आणि भांगलण यांच्यापुरता ठेवला गेला, त्यामुळे तो लहान वाटतो. पस्तीस वर्षांत दरसाल साठ-साठ मुलांच्या वह्या तपासून वेळेवर परत देणाऱ्या शिक्षिकेच्या मानपत्रात तो यायला हवा होता. मानपत्र लिहिणाऱ्याला तो सुचला नाही, हा त्याच्या शब्दसंपत्तीचा दोष.

‘मर्दानी’बद्दल थोडे अधिक. आपल्याकडे लाठी आणि दांडपट्ट्याच्या खेळांना ‘मर्दानी खेळ’ म्हणतात आणि आता मुलीही ते उत्तम खेळतात. तेथे ते खेळाचे रूढ नाव आहे, त्याला हरकत घेण्याचे कारण नाही. व्यक्तीचे विशेषण म्हणून मात्र तो शब्द कौतुक करता करता हिशेब चुकवतो, कारण बाईने दाखवलेले बळ तो पुरुषाच्या खात्यावर जमा करतो. महाराणी ताराबाईंचे पाहा. १७०० साली राजाराम महाराज वारले तेव्हा त्या पंचविशीच्या आसपास होत्या, आणि १७०७ साली औरंगजेब मरेपर्यंत त्यांनी मराठ्यांचे राज्य लढते ठेवले. कावळा नाक्यावरचा त्यांचा अश्वारूढ पुतळा पाहताना आपल्या मनात रणरागिणी येते, ते स्वाभाविक आहे. पण सात वर्षे राज्य लढते ठेवायचे म्हणजे सरदारांना एकत्र ठेवणे, रसद पाहणे, किल्ले जातील ते जाऊ देऊन पुन्हा घेण्याची तजवीज करणे, आणि त्याच वेळी लहान मुलाच्या नावे कारभार चालवणे. घोड्यावरचा क्षण शिल्पकाराला मिळाला. बाकीचे लेखकासाठी उरले होते, आणि आपल्यापैकी बहुतेकांनी तेही घोड्यावरच बसवून टाकले.

प्रश्न : वडिलांच्या सहस्रचंद्रदर्शनासाठी छोटी पुस्तिका काढत आहोत. ‘वयाच्या ऐंशीनंतरही तरुणांना लाजवील असा उत्साह’ हे वाक्य सर्वांना पसंत आहे. आपल्याला खटकेल का?
— एक व्यापारी, गांधीनगर

उत्तर : खटकेल. तरुणांनी कशाला लाजावे? आणि वडिलांनी तरी कशाला तरुणांच्या फूटपट्टीने मोजून घ्यावे? हे वाक्य इतक्या ज्येष्ठांच्या नावे छापून झाले आहे की त्यातून आता कोणाचाच चेहरा दिसत नाही. म्हातारपणाच्या बळाला मराठीत वेगळे शब्द आहेत. काटक, चिवट, खुटखुटीत, ताठ हे शब्द वय लपवत नाहीत, ते वयाला धरून उभे राहतात. त्यांतला आपल्या वडिलांना कोणता लागू पडतो ते आम्हांला सांगता येणार नाही. मात्र पुस्तिकेत त्यांनी सोडून दिलेल्या गोष्टीही लिहाव्यात, असे सुचवावेसे वाटते. दुकानात उभे राहणे सोडले असेल, पण संध्याकाळची रोजमेळ स्वतः पाहत असतील. रंकाळा तलावाची पूर्ण फेरी जमत नसेल, पण अर्ध्या वाटेवरच्या बाकावर रोज त्याच वेळी येऊन बसत असतील. बळ कमी झाल्यावर माणूस ते कोणत्या कामासाठी राखून ठेवतो, यात त्याचा सगळा स्वभाव येतो. मुलांनी एवढे टिपले तर ते पान वडील दोनदा वाचतील.

प्रश्न : ‘रांगडा’ हे विशेषण कोल्हापूरच्या माणसाला चिकटले आहे. ही स्तुती समजावी की टीका?
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : कोण म्हणतो त्यावर अवलंबून आहे. आपण आपल्याला म्हणतो तेव्हा स्तुती, बाहेरचा म्हणतो तेव्हा त्याला तांबड्या रश्शाची दुसरी वाटी द्यावी आणि मग पुन्हा विचारावे. गंभीरपणे सांगायचे तर या शब्दात बळाबरोबर घडण नसल्याची सूचना आहे, आणि ज्या गावात अल्लादिया खाँसाहेबांचे गाणे रुजले व चित्रपटाची कला वाढली त्या गावाला एकाच विशेषणावर भागवणे लेखकाच्या आळसाचे लक्षण आहे. रांगडा माणूस असावा. रांगडे वर्णन नसावे.

प्रश्न : मी कथा लिहितो. संपादक म्हणतात की नायकाचा उत्साह ‘सांगू नका, दाखवा’. पण विशेषण काढले की वाक्य निर्जीव होते. मार्ग काय?
— एक तरुण लेखक, कागल

उत्तर : मार्ग क्रियापदात आहे, आणि मराठी लेखकाला या बाबतीत सवलत मिळालेली आहे, ती तो वापरत नाही. ‘तो काम करतो’ हे साधे वाक्य घ्या. ‘तो काम करून टाकतो’ म्हटले की त्याचा झपाटा दिसतो, आणि काम अंगावेगळे करण्याची घाईही दिसते. ‘करून सोडतो’ म्हटले की हट्ट दिसतो. कोणी अडवत होते आणि त्याने जुमानले नाही, हे न सांगता कळते. ‘करत राहतो’मध्ये दम आहे. ‘करत सुटतो’मध्ये मात्र लगाम तुटलेला आहे, बळ आहे पण दिशा नाही. ‘करून ठेवतो’मध्ये दूरदृष्टी आहे, आणि ‘करून बसतो’मध्ये पश्चात्ताप. एकही विशेषण न वापरता, केवळ शेवटचे क्रियापद बदलून, सहा माणसे उभी राहिली. याला व्याकरणात संयुक्त क्रियापद म्हणतात. शाळेत ते ओळखण्यापुरते शिकवतात, ते कशासाठी आहे हे सांगत नाहीत.

दुसरी गोष्ट वाक्याच्या चालीची. आपण पाठवलेल्या उताऱ्यात नायक बैलगाडीचे रुतलेले चाक खांदा लावून बाहेर काढतो, आणि तो सगळा प्रसंग तीन-तीन शब्दांच्या तुकड्यांत लिहिलेला आहे. चिखलातले चाक तुकड्यांत निघत नाही. ते आधी हलत नाही, मग किंचित मागे येते, मग पुन्हा बसते, आणि शेवटी एका लांब दमात सुटते; वाक्यही तसेच लांबू द्यावे आणि पूर्णविराम चाक सुटल्यावरच द्यावा. आखूड वाक्ये वेगाला चांगली, ओढीला नाहीत. ‘सळसळते चैतन्य’ हा शब्दप्रयोग मात्र उताऱ्यातून काढावाच. चाक काढणाऱ्याच्या अंगात त्या वेळी सळसळत काहीही नसते, त्याची पाठ भरून आलेली असते.

प्रश्न : ‘खणखणीत’ आणि ‘ठणठणीत’ यांत फरक काय? आजोबांच्या प्रकृतीसाठी मी ‘खणखणीत’ लिहिले, तर घरात सगळे हसले.
— इयत्ता नववीतील एक विद्यार्थी, जयसिंगपूर

उत्तर : दोन्ही शब्द आवाजातून आले आहेत. नाणे दगडावर टाकले की खण वाजते, म्हणून आवाज, उत्तर, पुरावा खणखणीत असतात. मडके घेताना आपण त्यावर बोटाने टिचकी मारून पाहतो. ठण वाजले तर ते पक्के भाजलेले आणि बिनचिरेचे, बद्द वाजले तर ठेवून द्यावे. म्हणून प्रकृती ठणठणीत. मात्र ‘ठणठणाट’ किंवा ‘ठणठणगोपाळ’ लिहू नकोस, कारण रिकामे मडकेही ठणठणच वाजते आणि त्या शब्दांत तो रिकामेपणा आला आहे. आजोबांचा आवाज खणखणीत असेल, तर तुझा शब्द एका ओळीनंतर योग्य जागी बसेल. प्रकृतीची ओळ तेवढी दुरुस्त कर आणि निबंध बाईंना दे.